खाण म्हणेल तशी इमारत

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या दर्शनी भागात खांबांच्या दोन ओळी आहेत, एकीवर एक. खाली जोडीजोडीने बारा खांब, वर आठ. ते उभारणाऱ्या ख्रिस्टोफर रेनला हे असं नको होतं. त्याने 1673-74 साली ओक लाकडाचा एक भलामोठा नमुना करवून घेतला होता. सहा मीटरहून लांब असलेला हा नमुना आजही कॅथेड्रलमध्ये जपून ठेवला आहे. त्यात प्रवेशद्वाराशी जमिनीपासून थेट छतापर्यंत जाणारे उंच, एकसलग खांब दिसतात. तो आराखडा धर्मगुरूंना पसंत पडला नाही, ही एक गोष्ट. पण खांब दुमजली का झाले याचं कारण धर्माशी संबंधित नव्हतं. रेनच्या मुलाने जमवलेली आणि नातवाने 1750 मध्ये छापलेली घरातली कागदपत्रं सांगतात की पोर्टलँडच्या खाणीतून चार फुटांहून अधिक व्यासाच्या खांबांसाठी पुरेसा दगड मिळण्याची खात्री नव्हती. खांबाची जाडी ठरली की उंची ठरते, आणि उंची ठरली की मजले ठरतात. इंग्लंडचा राजा, पार्लमेंट आणि त्या काळातला सर्वांत बुद्धिमान वास्तुविशारद एकीकडे आणि दोनशे किलोमीटरवरची एक खाण दुसरीकडे. खाण जिंकली.

इमारतींचा इतिहास आपण बहुधा बांधणाऱ्यांच्या आणि बांधवून घेणाऱ्यांच्या बाजूने वाचतो. दगड जणू बाजारातून मागवला आणि आला! पोर्टलँडच्या चुनखडकाची गोष्ट वाचली की हा समज पार उलटा होतो.

पोर्टलँड हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात समुद्रात घुसलेलं सहा-साडेसहा किलोमीटर लांबीचं बेट. तसं पुरतं बेटही नव्हे. चेसिल नावाच्या गोट्यांच्या लांबच लांब बांधाने ते मुख्य भूमीला जोडलेलं आहे. तरी 1839 मध्ये पूल होईपर्यंत तिकडे जायचं तर होडीने खाडी ओलांडावी लागे. झाडं तुरळक, वारा बारमाही, आणि पायाखाली साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. त्या वेळी इथे उथळ, उबदार पाणी होतं. शिंपल्यांच्या कणांभोवती चुन्याची पुटं चढत गेली आणि खसखशीएवढे गोल दाणे तयार झाले. ते दाणे एकमेकांना घट्ट चिकटून जो खडक झाला, त्याला ना ठळक पदर ना रेषा. म्हणून तो कुठल्याही दिशेने कापता येतो, त्यावर बारीक नक्षी उठते आणि धार टिकते. पाथरवटाला याहून जास्त काय हवं असतं?

अर्थात सगळाच दगड असा नाही. वरून खाली जावं तसे थर बदलतात, आणि बेटावरच्या प्रत्येक थराला नाव आहे. आधी माती आणि पातळ फरश्यांचे थर. त्यांच्यातच एक काळी पट्टी लागते. ती एका प्राचीन रानाची माती, जिच्यात झाडांचे दगड झालेले बुंधे सापडतात. मग ‘कॅप’ नावाचा टणक, निरुपयोगी खडक. त्याखाली ‘रोच’, शिंपल्यांच्या पोकळ ठशांनी भरलेला. त्यातल्या एका पिळदार शंखाला खाणकामगार ‘पोर्टलँडचा स्क्रू’ म्हणत आणि एका शिंपल्याच्या ठशाला ‘घोड्याचं डोकं’. रोचखाली ‘व्हिटबेड’, आणि सर्वांत तळाशी ‘बेसबेड’, सर्वांत मऊ पोताचा, कोरीव कामाचा. व्हिटबेड जास्त टिकाऊ, म्हणून उघड्यावरच्या भिंतींना तो. या थरांत टायटनाइट्स नावाच्या अमोनाइटचे, म्हणजे एका नामशेष समुद्री प्राण्याचे, अर्धा मीटरहून रुंद जीवाश्म निघत. ते इमारतीच्या कामाचे नसल्याने बेटकऱ्यांनी घराच्या आणि बागेच्या भिंतींत बसवून टाकले.

या दगडाची जाण मध्ययुगातही होती. चौदाव्या शतकात तो एक्झिटर आणि वेस्टमिन्स्टरला गेला होता. पण त्याला राजधानीत मान मिळवून दिला तो इनिगो जोन्सने. इटली पाहून आलेल्या या माणसाने 1619 ते 1622 या काळात व्हाइटहॉलमध्ये बँक्वेटिंग हाउस बांधलं आणि पुढे जुन्या सेंट पॉलची डागडुजी करताना पोर्टलँडचा दगड वापरला. विटा-लाकडाच्या काळपट लंडनमध्ये हा पांढरा दगड उठून दिसला. पोर्टलँड राजाच्या खाजगी मालकीची जहागीर, त्यामुळे दगड मिळवणंही सोपं, निदान कागदावर.

मग 2 सप्टेंबर 1666 ची पहाट उजाडली. चार दिवसांच्या आगीत तेरा हजारांवर घरं, 87 चर्च आणि जुनं सेंट पॉल जळून गेलं. पुढच्या वर्षीच्या कायद्याने लंडनमध्ये लाकडी घरं बांधायला बंदी घातली. पन्नासच्या वर चर्च नव्याने उभारण्याचं काम रेनच्या देखरेखीखाली आलं, त्याशिवाय कॅथेड्रल. पैसा उभा राहिला लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावरच्या करातून. प्रश्न दगडाचा होता.

खाणीत त्या काळी सुरुंगापेक्षा हातांवर भिस्त होती, कारण दारूने चांगला दगड आतून तडकतो. आधी वरचा निरुपयोगी भाग उपसायचा. दगड हाती लागेपर्यंत हे काम, आणि मजुरी मात्र निघालेल्या दगडाच्या टनावर! बेटाच्या खडकात उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम नैसर्गिक भेगा आहेत. अनुभवी माणूस त्या भेगांवरून दगड कुठून सुटेल हे ओळखी. मग त्या रेषेवर ओळीने खळगे पाडायचे, त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि घणाने एकेक करत, पुन्हा पहिल्यापासून, ठोकत जायचं. कुठल्याच पाचरीवर एकदम जोर द्यायचा नाही. दगड शेवटी आवाज करून सुटतो. मग पहारींनी आणि जॅकने तो बाहेर लोटायचा. ओबडधोबड घडणीसाठी एक खास हत्यार होतं, एका टोकाला घण आणि दुसऱ्या टोकाला चोचीसारखी अरुंद कुऱ्हाड. अठराव्या शतकातला अभियंता जॉन स्मीटन याने ते पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तो एडिस्टोनच्या दीपस्तंभासाठी दगड पाहायला इथे आला होता. समुद्रातले काही शिंपले पोर्टलँडचा दगड पोखरतात हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणून 1759 मध्ये पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्यात त्याने बाहेरून कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट लावला आणि पोर्टलँड आत ठेवला. खाणीचं म्हणणं ऐकून घेणारा अभियंता असा असतो.

दगड कड्यावरून धक्क्यापर्यंत उतरवायचा, जहाजात चढवायचा, इंग्लिश खाडीतून वळसा घालून टेम्स नदीत न्यायचा. लंडन ब्रिजच्या अरुंद कमानींतून मोठी जहाजं जात नसत, म्हणून पुलाच्या अलीकडे तो पडावांत उतरवायचा आणि पुढे पॉल्स वार्फच्या धक्क्याला लावायचा. तिथून चढावर घोड्यांनी ओढायचा. यातला कुठलाही एक दुवा तुटला की कॅथेड्रलवरचे गवंडी बसून. आणि दुवे तुटत होते. फ्रान्सशी युद्ध सुरू होतं, समुद्रात शत्रूच्या लुटारू जहाजांची भीती, शिवाय आपलंच नौदल खलाशांना जबरदस्तीने उचलून नेई.

1696 मध्ये तर बेटच सरकलं. पोर्टलँडचा चुनखडक वाळूच्या थरावर आणि त्याखालच्या चिकणमातीवर बसलेला आहे. पाणी मुरलं की चिकणमाती निसरडी होते. त्यात खाणीचा राडारोडा कड्यावरून खाली ढकलायची पद्धत, म्हणजे आधीच डळमळीत उतारावर आणखी ओझं. दरड कोसळली, धक्का आणि धक्क्याकडे जाणारे रस्ते गेले, आणि सेंट पॉलचा दगड अडकला. रस्ते-धक्के दुरुस्त करण्याचा खर्च आणि कटकट लंडनच्या गळ्यात पडली.

पण रेनच्या नाकी नऊ आणले ते बेटकऱ्यांनी. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यांत आवडतो. पोर्टलँडची माणसं स्वतःला इंग्लंडमध्ये धरत नसत. बाहेरून येणारा तो परका. त्यांचे जमिनीचे कायदे वेगळे होते. वारसात जमिनीची सारखी वाटणी होई, म्हणून शेतं चिंचोळ्या पट्ट्यांची. (कोकणातला सातबारा पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.) जमिनीचा व्यवहार चर्चमध्ये साक्षीदारांसमोर होई आणि साऱ्याचा हिशेब एका लांब लाकडी दांड्यावर खाचा पाडून ठेवत. खाणी राजाच्या खऱ्या, पण गावसामाईक जमिनीवर बेटकऱ्यांचे हक्क होते आणि दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून दगडावरच्या करात त्यांचा वाटाही होता. राजाची माणसं दगड नेत तेव्हा हा वाटा मिळतो का, कोणाच्या जमिनीतून रस्ता जातो, दगड आधी कोणाला द्यायचा, यावरून खटके ठरलेलेच. 1705 मध्ये रेनचा संयम सुटला. त्याने बेटकऱ्यांना खरमरीत पत्र पाठवलं: तुम्ही कृतघ्न आहात, तुमचा उद्धटपणा कायम सहन केला जाणार नाही. तेव्हा तो त्र्याहत्तरीकडे झुकला होता, राणीचा बांधकामप्रमुख होता, आणि काही वर्षांपूर्वी शेजारच्याच वेमथमधून पार्लमेंटवर निवडून गेला होता. तरी पत्र लिहून तंबी देण्यापलीकडे त्याला लगेच काही करता येत नव्हतं. पर्यायी दगड होता कुठे?

1708 मध्ये घुमटावरचा शेवटचा दगड रेनच्या मुलाने बसवला. कोळशाच्या पैशातून उभं राहिलेलं हे पांढरं मंदिर पुढची अडीचशे वर्षं कोळशाच्याच धुराने काळं होत गेलं. चुनखडकाचा हा स्वभाव लंडनच्या सगळ्या जुन्या इमारतींवर वाचता येतो. पाऊस लागतो तिथला पृष्ठभाग थोडाथोडा विरघळत पांढरा राहतो. छज्ज्याखाली, पाऊस न पोचणाऱ्या जागी काळी पुटं साचतात. सेंट पॉलच्या वरच्या कठड्यात दगडांच्या भोकांमध्ये ओतलेलं शिसं आहे. बसवलं तेव्हा ते दगडाशी समपातळीत होतं. आज भोवतालचा दगड झिजून शिसं वर आलं आहे. पावसाने तीन शतकांत किती दगड खाल्ला हे मोजायला शास्त्रज्ञांनी याच शिशाचा आधार घेतला.

बेटावर मात्र वैभव फारसं उतरलं नाही. सेंट पॉलला दगड पुरवणाऱ्या गिल्बर्ट घराण्यातल्या एका वंशजाने, थॉमस गिल्बर्टने, 1754 ते 1766 या काळात सेंट जॉर्जचं चर्च बांधलं. बेटाच्या मानाने ते फारच मोठं आहे. लंडनसाठी खणून खणून हात शिवशिवले असणार. बाकी जगणं धोक्याचं. त्यातूनच पोर्टलँडची ती प्रसिद्ध समजूत आली: सशाचं नाव घ्यायचं नाही. ससे बिळं करून खाणीची कड पोखरतात, आणि कड कोसळायच्या आधी ते बाहेर पळताना दिसतात, असं मानत. खाणीच्या वाटेवर ससा दिसला की माणसं त्या दिवशी काम सोडून घरी जात. 2005 मध्ये ‘वॉलेस अँड ग्रोमिट’चा सशावरचा चित्रपट आला तेव्हा पोर्टलँडसाठी वेगळी पोस्टरं छापावी लागली, त्यांत सशासाठीचा नेहमीचा इंग्रजी शब्द नव्हता. हसावं अशी गोष्ट आहे, पण ज्या गावात दर पिढीत कोणी ना कोणी दगडाखाली गेलेलं असतं तिथे लोक शब्द जपून वापरतात.

1826 मध्ये घोड्यांनी ओढायची रुळवाट झाली. भरलेले डबे उतारावरून खाली जाताना दोरखंडाने रिकाम्यांना वर खेचत. दगडाची मागणी वाढतच होती. ब्रिटिश म्युझियमचं काम सुरू होतं. याच सुमारास, 1824 मध्ये, लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने चुना आणि चिकणमाती भाजून केलेल्या एका भुकटीचं पेटंट घेतलं. ती घट्ट झाल्यावर पोर्टलँडच्या दगडासारखी दिसते, या जाहिरातबाजीपायी त्याने तिला ‘पोर्टलँड सिमेंट’ म्हटलं. आपल्याकडच्या प्रत्येक सिमेंटच्या गोणीवर या बेटाचं नाव असतं ते त्यामुळे. पुढे याच भुकटीच्या काँक्रीटने दगडाचा बाजार बसवला.

मग बेटाने आपल्या इतिहासातला सर्वांत कडू काळ पाहिला. 1848 मध्ये पोर्टलँडवर तुरुंग उघडला. आरमारासाठी बंदराला लाटारोधक बांध हवा होता, त्यासाठी दगड हवा होता, आणि ऑस्ट्रेलियाला पाठवण्याआधी कैद्यांकडून सक्तमजुरी करून घेण्याची पद्धत होतीच. 25 जुलै 1849 रोजी प्रिन्स अल्बर्टने पायाचा दगड ठेवला आणि 1872 पर्यंत बांधाचं काम चाललं. खाणीत खणणारे कैदी, समुद्रावर दगड टाकणारे मोकळे मजूर. ज्या कामासाठी बेटकरी हक्काने टनावर पैसे मागत होते, तेच काम आता बेड्यांच्या धाकाने फुकट होत होतं. उन्हाळ्यात सहलीला येणारे लोक कैद्यांना पाहायला येत. तुरुंगाजवळच्या घरांनी वरच्या मजल्यावर चहाची सोय केली होती म्हणतात, तिथून खाण छान दिसे! इथपर्यंत आपल्या कुरबुऱ्या बेटकऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. या चहावाल्यांबद्दल वाटत नाही.

नेमक्या याच वर्षांत मुंबईत लंडनसारखाच दगडाचा प्रश्न उभा होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअरने 1860 च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली आणि मैदानाच्या कडेने सरकारी इमारतींची रांग उठू लागली. सगळ्या गॉथिक शैलीच्या. म्हणजे पानं, फुलं, माकडं, पोपट, जाळ्या यांची रेलचेल. आपला सह्याद्रीचा काळा दगड मजबुतीला तोड नाही असा, पण त्यावर द्राक्षाचा वेल कोरायला सांगा. पाथरवट टाकी खाली ठेवून घरी जाईल. भिंतींसाठी कुर्ल्याचा आणि मालाडचा पिवळट दगड मिळाला. बारीक नक्षीसाठी मऊ दगड हवा होता, आणि तो सौराष्ट्रातून आला: पोरबंदरचा चुनखडक.

बरडा डोंगराच्या आसपास निघणारा हा दगड पोर्टलँडच्या तुलनेत अगदी बालवयाचा, काही लाख वर्षांचा. शिंपल्यांच्या भुग्याचा आणि वाळूचा. नुकता निघालेला असताना सहज कापला जातो आणि हवेत राहून कडक होतो. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की पोरबंदर शहरातली घरं चुन्याशिवाय नुसते दगड रचून बांधत आणि ओलाव्याने ते एकमेकांना धरून एकसंध होतात. इथेही खाण किनाऱ्याजवळ, इथेही दगडाची वाट समुद्राची, म्हणूनच तो परवडला. मुंबई विद्यापीठाचे आराखडे वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून केले, तो भारतात कधी आलाच नाही. राजाबाई टॉवरचं काम 1869 मध्ये सुरू झालं आणि 1878 मध्ये संपलं. त्याच वर्षी फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम सुरू झालं, त्याला दहा वर्षं लागली. त्यावरच्या नक्षीत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. या विद्यार्थ्यांनी मुंगूस आणि मोर इतके जिवंत कोरले याचं श्रेय त्यांच्या हाताला आहेच, पण थोडं पोरबंदरच्या खाणीलाही द्यायला हवं.

पहिल्या महायुद्धाने पोर्टलँडच्या दगडाला वेगळं काम दिलं. व्हाइटहॉलमधलं वास्तुविशारद ल्युटेन्सचं सेनोटाफ, 11 नोव्हेंबर 1920 रोजी खुलं झालेलं स्मारक, याच दगडाचं आहे. पण खरी मागणी होती थडग्यांच्या शिळांची. युद्धकबर आयोगाने ठरवलं की सेनापती असो की शिपाई, शिळा सारख्याच मापाच्या. 1923 मध्ये आठवड्याला चार हजारांहून अधिक शिळा फ्रान्सला रवाना होत होत्या. एवढी अक्षरं हाताने कोरणं शक्यच नव्हतं, म्हणून कोरण्याची यंत्रं आली. चुनखडक पावसात झिजतो हे सेंट पॉलवर दिसलं होतंच. पुढे झिजलेल्या कितीतरी शिळांच्या जागी इटलीचा जास्त घट्ट बोत्तिचिनो चुनखडक बसवावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर काँक्रीट आणि काच आली, आणि दगडाचं काम मुख्यतः पातळ फरश्यांचं आवरण लावण्यापुरतं उरलं. 1951 सालच्या परवानग्यांवर बेटावर खाणकाम चालू राहिलं. उघड्या खड्ड्यांनी बेटाचा चेहरा ओरबाडला गेला आणि रहिवासी वैतागले. 2002 पासून काही ठिकाणी दगड जमिनीखालून काढतात. साखळीच्या करवतीने थर कापायचा, चिरेत पाण्याच्या पिशव्या सरकवून त्या फुगवायच्या, की ठोकळा मागून अलगद सुटतो. सुरुंग नाही, धूळ कमी, वरची शेतं जागच्या जागी.

लंडनला जाणारा मराठी माणूस सेंट पॉल पाहून, फोटो काढून परततो. एक दिवस हाताशी असेल तर वॉटर्लू स्टेशनवरून वेमथची गाडी पकडा. तीन तासांच्या आत पोचाल, पुढे बसने पोर्टलँड. तिथलं छोटं संग्रहालय 1930 मध्ये मेरी स्टोप्सने सुरू केलं. संततिनियमनाचा प्रचार करणारी तीच ही स्टोप्स, र. धों. कर्व्यांनी मुंबईत केंद्र काढलं त्याच 1921 साली तिने लंडनमध्ये काढलं होतं. मूळ ती जीवाश्म वनस्पतींची अभ्यासक, त्यामुळे बेटाच्या प्रेमात पडली यात नवल नाही. संग्रहालय पाहून टाउट नावाच्या सोडलेल्या खाणीत उतरा. 1983 पासून तिथे शिल्पकार खाणीच्या भिंतींवरच कोरत आले आहेत. तिकीट नाही. मात्र बेटावर कोणाशी गप्पा मारायला बसलात तर सशाचा विषय काढू नका.